मजबूत म्हणजे काय? : कार्बन तंतूची मोटार आणि अपघात
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मोटार विकत घ्यायला गेलेला माणूस प्रथम काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो बॉनेटवर बोटांनी टकटक करतो, दार एकदा जोराने लावून पाहतो आणि बरोबरच्या माणसाला सांगतो, "पत्रा जाड आहे, गाडी मजबूत आहे." आज मला आपल्याशी या 'मजबूत' शब्दाविषयीच बोलायचे आहे. हा शब्द नीट समजला नाही तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. तो समजावून देण्यासाठी मी कार्बन तंतूचे उदाहरण घेणार आहे.

आधी थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. ती भिंतीवर आदळली आणि तिचे नाक अर्धा मीटर चेपले, तर आत पट्टा बांधून बसलेल्या माणसाला थांबण्यासाठी साधारण अर्धा मीटर मिळतो. अशा वेळी त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सरासरी २० पट जोर येतो. ६० किलो वजनाच्या माणसाला तो सुमारे १२०० किलोंचा झाला. क्षणभर, पट्ट्याच्या आधाराने, शरीर हे सोसू शकते. आता समजा, गाडीचे नाक इतके टणक आहे की ते चेपतच नाही आणि थांबायला फक्त ५ सेंटिमीटर मिळाले. मग तोच जोर २०० पट, म्हणजे १२ टन होतो. गाडीला ओरखडा येईल, पण आतला माणूस वाचणार नाही. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित घरी अवश्य करून पाहावे. वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागायचे, एवढेच त्यात आहे.

म्हणून मोटारीला दोन वेगळी अंगे लागतात. माणसे बसतात ती पेटी वाकता कामा नये आणि तिच्या पुढचा-मागचा भाग मात्र ठरल्याप्रमाणे चेपला पाहिजे. मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनी याने हा विचार १९५० च्या सुमारास मांडला आणि १९५९ साली त्या कंपनीने तशी गाडी बाजारात आणली.

आता कार्बन तंतूकडे वळू. अॅक्रिलिक लोकर ज्या जातीच्या रसायनापासून होते, त्याच जातीचा धागा प्रथम हवेत दोनशे-तीनशे अंशांवर तापवतात. नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. बाकीची मूलद्रव्ये निघून जातात आणि जवळजवळ शुद्ध कार्बनचा काळा तंतू उरतो. त्याची जाडी आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. या तंतूंचे कापड विणून, त्यात राळ मुरवून, एकावर एक थर साच्यात रचतात आणि दाबाखाली भाजतात. तयार झालेला पदार्थ पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश वजनाचा असतो आणि तंतूंच्या दिशेने ओढला असता वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट ठरतो.

परंतु पोलादाचा एक गुण त्याच्यात नाही. पोलाद वाकते, ताणले जाते आणि मग तुटते. कार्बनचा पदार्थ मर्यादेपर्यंत ताठ राहतो आणि नंतर एकदम फुटतो. ब्रिटनच्या रोल्स-रॉइस कंपनीने विमानाच्या आरबी-२११ या इंजिनासाठी कार्बन तंतूची पाती केली होती. १९७० साली इंजिनावर पक्षी आदळल्यास काय होते याची चाचणी घेतली, तेव्हा ती पाती फुटली. शेवटी टायटॅनियम धातूची पाती बसवावी लागली. त्या इंजिनाचा एकूण खर्च इतका वाढला की फेब्रुवारी १९७१ मध्ये ही नामवंत कंपनी दिवाळखोरीत गेली.

त्यामुळे १९८१ साली जॉन बर्नार्ड या अभियंत्याने मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचा सांगाडा कार्बन तंतूचा केला, तेव्हा पुष्कळांनी शंका घेतली. ही गाडी आदळली की तिचा भुगा होईल, असे ते म्हणत. उत्तर त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीतील मोन्झाच्या शर्यतीत मिळाले. जॉन वॉटसन याची गाडी लेस्मो वळणावर घसरली आणि मागच्या बाजूने कठड्यावर आदळली. इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून वेगळे झाले. पाहणाऱ्यांना वाटले, सगळे संपले. पण चालकाची काळी पेटी शाबूत होती आणि वॉटसन तिच्यातून उतरून चालत गेला. त्यानंतर काही वर्षांतच सर्व संघांनी हा मार्ग धरला.

फुटणारा पदार्थ माणसाला वाचवतो, हे कसे? येथेच रचनेचे महत्त्व कळते. चालकाची पेटी करताना कार्बनच्या दोन कातड्यांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी अॅल्युमिनियमची जाळी भरली होती. ती वजनाला हलकी, पण वाकायला फार कठीण. नाकाचे काम याच्या उलट. ते टोकाला पातळ आणि मागे क्रमाने जाड करतात, म्हणजे फुटण्याची सुरुवात टोकापासूनच होते. मग तंतू तुटतात, थर सुटतात, एकमेकांवर घासतात आणि नाक पुढून मागे भुगा होत जाते. या प्रत्येक बारीक तुटण्यात धडकेची शक्ती खर्ची पडते. नीट आखलेले असे नाक, वजनाच्या मानाने, पोलादापेक्षा अधिक शक्ती गिळते. तेच नाक चुकीच्या रचनेचे असेल तर एका क्षणात दुभंगते आणि काहीच गिळत नाही. म्हणून १९८५ पासून फॉर्म्युला वन गाडीच्या नाकाची धडक-चाचणी सक्तीची झाली.

तरीही पेटी म्हणजे सर्वस्व नव्हे. १९९४ साली इमोला येथे आयर्टन सेना हा थोर चालक कार्बनच्याच गाडीत मृत्यू पावला, कारण गाडीचे तुटलेले भाग त्याच्या डोक्यावर आदळले. पुढे डोक्याभोवतीचे संरक्षण वाढवत नेले आणि २०१८ पासून चालकाच्या डोक्यावर टायटॅनियमचे कडे आले. प्रत्येक उपाय आधीच्या अपघाताकडून शिकलेला आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांत कार्बन तंतू फार महाग पडतो. बीएमडब्ल्यूने २०१३ ते २०२२ या काळात आय-३ ही गाडी बनवली. तिच्यात माणसांची पेटी कार्बनची होती आणि खालचा सांगाडा अॅल्युमिनियमचा. न वाकण्याचे काम एकाकडे, चेपण्याचे दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती.

या पदार्थाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. पोलादाला मार बसला तर पोचा दिसतो. कार्बनला मार बसला तर वरून सारे गुळगुळीत दिसते आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून तंत्रज्ञ त्यावर नाण्याने किंवा लहान हातोडीने टकटक करून आवाज ऐकतात. बद्द आवाज आला की तो भाग संशयित, मग ध्वनिलहरींनी तपासणी.

आपल्यापैकी फार थोडे जण कार्बनच्या गाडीत कधी बसतील. मग हे सारे कशासाठी सांगितले? कारण तेच शास्त्र आपल्या घरातल्या स्कूटरवर चालते. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो, तो गाडीच्या नाकाचे काम करतो. तो चेपून डोक्याला थांबायला अवधी देतो आणि एकदा चेपला की पुन्हा तसाच उठत नाही. एकदा पडलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी ते आपले काम करून चुकलेले आहे. ते 'अजून चांगले आहे' म्हणून धाकट्या भावाला देऊ नका. वरचे कवच कडक आहे पण आत हा थर नाही, असली स्वस्त टोपी डोक्यावर असणे म्हणजे न चेपणाऱ्या नाकाची गाडी होय. आणि मोटारीत बसल्यावर पट्टा बांधला नाही, तर गाडीने चेपून मिळवलेला अर्धा मीटर आपल्या वाट्याला येतच नाही. गाडी थांबते, आपण थांबत नाही. हे मागच्या सीटवर बसलेल्या आईलाही लागू आहे आणि तिच्या मांडीवरच्या मुलालाही.

पालकांनो, मुलाला वाहन घेऊन देताना पत्रा ठोकून पाहू नका. गाडीची धडक-चाचणी झाली आहे का, ते विचारा. ऑक्टोबर २०२३ पासून भारतातही अशी चाचणी सुरू झाली असून तिच्यात ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक दिली जाते. आणि विद्यार्थी मित्रांनो, वस्तू फुटली तर ती कशी फुटावी, हे आधी ठरवणारे अभियंते आपल्याला हवे आहेत. त्यांत तुमच्यापैकी काही जण असावेत, अशी आशा व्यक्त करून मी माझे भाषण संपवतो.