आकाश आणि आपल्या मुली

(ज्ञातिमंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांनी बोलावे, असा आजवरचा प्रघात आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेडोपाडी मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात उभा जन्म घालविलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. मजसारख्याने आपल्यासमोर उभे राहावे, ही चिटणीसांची कृपा होय. त्यांनी मला ‘मुलींचे शिक्षण’ हा विषय सुचविला होता. मी त्यांची क्षमा मागून विषय किंचित उंचावर नेला आहे. मी आज मुलींच्या आकाशविहाराविषयी बोलणार आहे. काहींना हसू येईल. त्यांनी अवश्य हसावे. परंतु शेवटपर्यंत ऐकावे, एवढीच प्रार्थना आहे.

आपण रत्नागिरीकर. भगवतीच्या किल्ल्यावर सायंकाळी उभे राहिले असता घारी पंख यत्किंचितही न हलविता तासन्‌तास तरंगताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. यात जादू नाही. समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आदळतो, त्यास पुढे वाट मिळत नाही, म्हणून तो वर चढतो; त्या चढत्या वाऱ्यावर घार आपला भार टाकते. सड्यावरचा जांभा उन्हाने तापला म्हणजे त्यावरची हवाही तापून वर जाऊ लागते. घार त्या उष्ण हवेचा स्तंभ शोधून काढते आणि त्यात घिरट्या घालीत उंच जाते. मनुष्याने घारीकडून ही विद्या उचलली, तिचे नाव हँग ग्लायडिंग.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल या गृहस्थांनी १८९१ पासून पाच वर्षे स्वतः बनविलेल्या पंखांना लटकून टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये असेच एकदा ते वरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. या विद्येत धोका आहे, हे मी प्रथमच सांगून टाकतो. ते लपविणे शिक्षकास शोभणार नाही. पुढे १९४८ साली अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी ताठ सांगाड्यावाचून, नुसत्या कापडाचा आकार वाऱ्याने धरणारा पंख सिद्ध केला. त्या पहिल्या पंखासाठी त्यांनी स्वयंपाकघरातील पडद्याचे कापड वापरले होते. भगिनींनो, स्वयंपाकघर आणि आकाश यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही, ते असे. १९६३ साली ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी या पंखाखाली त्रिकोणी दांडी जोडली आणि आजचे हँग ग्लायडर आकारास आले.

आजच्या पंखाचे वजन सामान्यतः तीस-पस्तीस किलो भरते. उडणारी व्यक्ती कमरपट्ट्यांच्या झोळीत पालथी लटकते, हातांनी त्रिकोणी दांडी धरते आणि शरीराचा भार पुढेमागे किंवा डावीउजवीकडे सरकवून दिशा व वेग सांभाळते. इंजिन नाही, इंधन नाही. डोक्यास शिरस्त्राण आणि अंगाशी संकटकाळची छत्री मात्र असते.

या विद्येच्या जागतिक स्पर्धा भरतात. १९०५ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघ त्यांचे नियमन करतो. स्त्रिया खुल्या स्पर्धेतही उतरू शकतात. परंतु त्यांची संख्या फार थोडी, म्हणून त्यांच्यासाठी निराळी अजिंक्यपदे ठेविली आहेत. १९८७ साली फ्रान्समध्ये आणि १९९१ साली ऑस्ट्रियात झालेल्या स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांत ब्रिटनच्या ज्युडी लेडन विजयी झाल्या. पुढे १९९५ साली पॅराग्लायडिंगचेही जागतिक विजेतेपद त्यांनी मिळविले. पॅराग्लायडिंग म्हणजे सांगाडा नसलेल्या, नुसत्या कापडी पंखाने तरंगणे. जर्मनीच्या कोरिना श्विगर्सहाउजन यांनी तर हँग ग्लायडिंगचे हे अजिंक्यपद एकाहून अधिक वेळा पटकाविले.

ही स्पर्धा कशी चालते, हे मुलींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. उंचावरून उडी घेण्याचे धाडस एवढीच ती परीक्षा नव्हे. वारा आणि ढग पाहून दररोज सकाळी परीक्षक एक मार्ग आखून देतात. अमुक टेकडीवरून निघावे, अमुक अमुक ठिकाणांना वळसा घालावा आणि अमुक गावाजवळ उतरावे, असा तो मार्ग असतो. जी अधिक अंतर कापते, आणि ध्येयाप्रत पोहोचणाऱ्यांत जी लवकर पोहोचते, तिला अधिक गुण. मध्येच वाऱ्याने साथ सोडली, तर कोठल्या शेतात सुखरूप उतरावे हे तिने आधीच हेरून ठेवावयाचे असते. हवा बिघडली की त्या दिवसाची स्पर्धा रद्द होते. म्हणजे या विद्येत ‘आज उडू नये’ हे कळणे, हे उडण्याइतकेच मोठे कौशल्य होय. दांडगाईला येथे स्थान नाही. हवेचे ज्ञान, संयम आणि वेळीच निर्णय घेण्याची बुद्धी हे गुण येथे लागतात. मी चाळीसेक वर्षे मुलामुलींना शिकविले. हे गुण मुलींत कमी असतात, असा अनुभव मला एकदाही आला नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, ही परदेशची कौतुके झाली. तेव्हा आपल्या घरचे उदाहरण देतो. ते हँग ग्लायडिंगचे नसून विमानातून छत्रीच्या साहाय्याने उडी घेण्याचे आहे. दोन्ही विद्या निराळ्या, परंतु आकाश एकच. पुण्याच्या श्रीमती शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून सुमारे २,४०० फुटांवरून उडी घेतली. तेव्हा तेथील तपमान शून्याखाली ३७ अंश होते. २००६ च्या डिसेंबरात त्यांनी दक्षिण ध्रुवावरही उडी घेतली. भारत सरकारने २०११ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी लुगडे नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हरेस्ट शिखरासमोर २१,५०० फुटांवरून. त्यांच्या आधीच्या पिढीत रेल्वेच्या सेवेतील श्रीमती रेचल थॉमस यांनी याच विद्येत आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून भारताचे प्रतिनिधित्व केले होते आणि २००२ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली होती.

नऊवारीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आमच्या आज्या याच लुगड्यात कासोटा मारून भाताची लावणी करीत, होडीतून खाडी ओलांडीत आणि डोक्यावर भारे घेऊन घाटी चढत. त्या वेळी ‘बायकांना हे झेपेल काय’ असे कोणी विचारले नाही. कारण ते कष्ट होते. कष्ट बाईने करावेत आणि पराक्रम पुरुषाने, ही वाटणी कोणी केली, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

ज्ञातिबांधवहो, आता मला एक कबुली द्यावयाची आहे. आजचे भाषण खरे पाहता तिच्यासाठीच आहे.

१९९४ सालची गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील, माझ्या हाताखाली शिकलेली एक हुशार मुलगी पुण्यास महाविद्यालयात शिकत होती. तेथे हडपसरला नागरी विमानचालन खात्याचे ग्लायडिंग केंद्र होते आणि तेथे ग्लायडर चालविण्याचे शिक्षण मिळत असे. तिला तेथे नाव घालावयाचे होते. तिने वडिलांची संमती मागितली. वडील शेतकरी, भले गृहस्थ, ते तिचे पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही सांगाल तसे.” मी ते पत्र दोनदा वाचले. त्या केंद्राची चौकशी करावी, तिला प्रत्यक्ष विचारावे, असे माझ्या मनातदेखील आले नाही. मी म्हणालो, “मुलीची जात. हातपाय मोडून घेतला तर उद्या लग्नाच्या बाजारात कोण विचारील?” त्यांनी मान डोलाविली. पत्राचे उत्तर मीच लिहून दिले, कारण माझे अक्षर चांगले होते.

ती मुलगी रागावली नाही, रुसलीही नाही. शिक्षण पुरे करून नोकरीस लागली, तिचा संसार चांगला चालला आहे. गेल्या दिवाळीत ती मला भेटावयास आली, तेव्हा सोबत तिची मुलगी होती. ती मुलगी मला नमस्कार करून सरळ विचारती झाली, “आजोबा, आईला तुम्ही नको का म्हणालात?” तिच्या आईने हसून विषय बदलला आणि फराळाच्या ताटाकडे हात केला. मला मात्र उत्तर सुचले नाही. ते धोक्याच्या भीतीने म्हणालो असतो, तर निदान धोका किती आणि तो टाळण्याचे उपाय कोणते, याची विचारपूस केली असती. मी ती केली नाही. मला भीती धोक्याची नव्हती, लोकांची होती. आपलीच होती, ज्ञातिबांधवहो.

या जिल्ह्याच्या मातीला हे नवे नाही. खेड तालुक्यातील शेरवली येथे जन्मलेल्या महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना बहिष्कृत केले. ज्या १८९६ साली लिलिएंथाल पंखावरून पडून मेले, त्याच साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. आज त्याच कर्व्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मुलगी शाळेत गेली तर काय होईल, ही भीती गेली. ती नोकरीस गेली तर काय होईल, हीही गेली. आता जी उरली आहे, तीही जाणार. प्रश्न एवढाच की ती आपण घालवावयाची, की आपल्या नातवंडांनी आपल्याला हसून घालवावयाची.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनी विचारतील, “पण धोक्याचे काय?” हा प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की, शिरस्त्राणावाचून भरधाव मोटारसायकल हाकणाऱ्या मुलाला आपण गाडी घेऊन देतो आणि ‘सांभाळून जा’ एवढेच म्हणतो. धोक्याला बंदी हा उपाय नसून शिस्त हा उपाय आहे. पुण्याजवळ मावळात कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंगचे शिक्षण मिळते. पावसाळ्यात तेथील उड्डाणे बंद असतात. त्या दिवाळीतील मुलीला तेथे शिकावयाचे आहे. ती सज्ञान आहे. आईची संमती आहे. या वेळी माझ्याकडे पत्र घेऊन कोणी आले नाही. तिने स्वतः आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे अर्ज केला आहे, आणि तो अर्ज कार्यकारी मंडळापुढे पडून आहे. कारण नियमात ‘शालेय व महाविद्यालयीन शिक्षण’ एवढेच शब्द आहेत.

माझी सूचना अशी. त्या शब्दांपुढे ‘तसेच मान्यताप्राप्त साहसी विद्यांचे शिक्षण’ हे शब्द घालावेत. अटी कडक असाव्यात: अर्जदार सज्ञान असावी, शिक्षक अनुभवी व अधिकृत असावा, विमा उतरविलेला असावा, संकटकाळची छत्री आणि शिरस्त्राण यांवाचून उड्डाण होऊ नये, आणि हवा वाईट असता ‘आज नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकाचा शब्द अखेरचा मानला जावा. हीच सवलत मुलांनाही असावी. मात्र पहिला अर्ज मुलीचा आहे, हे विसरू नये. या कार्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती दान समजू नये. १९९४ साली मी जे उत्तर लिहिले, त्याचे हे उशिरा भरलेले टपाल होय.

ती मुलगी पुढे कधी जागतिक स्पर्धेत उतरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कदाचित चार दिवस शिकून ती परतही येईल. परंतु परत येण्याचा निर्णय तिचा असावा, माझा नसावा. आपले ठराव दुपारच्या सत्रात व्हावयाचे आहेत. तेव्हा हात वर करण्यापूर्वी क्षणभर भगवतीच्या किल्ल्यावरील घारीची आठवण करावी.