घरातली सॅनिटायझरची बाटली



२०२१ च्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या चिंतामणीचं मंदिर भाविकांसाठी बंद होतं, बाजाराची गर्दी ओसरली होती आणि त्या उन्हात लहानथोर सगळे दिवसभर घरातच होते. करोनाला दाराबाहेर ठेवायला आपण सॅनिटायझर घरात आणलं. ते नीट कसं सांभाळायचं, हे आज सांगतो.

ही गोष्ट किरकोळ नाही. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे, पोलिओ लसीऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. उपचारानं ती बचावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वणीला मात्र दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर प्यायल्यानं ७ जणांचा जीव गेला.

म्हणून पहिली गोष्ट. सॅनिटायझर, फिनाईल किंवा फवारणीचं औषध कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. मूळ बाटली, मूळ चिठ्ठी तशीच राहू द्या आणि ती मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यानं किती घरांचे कर्ते गमावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीची औषधं राहत्या खोलीत नकोतच.

दुसरी गोष्ट. सॅनिटायझर पेट घेतं. हाताला चोळून लगेच चुलीपाशी किंवा गॅसपाशी जाऊ नका, हात पूर्ण वाळू द्या. टिनाच्या छताखाली तापणाऱ्या खोलीत बाटली ठेवू नका. खरं तर घरात त्याची गरजच कमी आहे. साबण आणि पाण्यानं २० सेकंद हात धुतले की काम होतं. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं आणि लहान मुलांनी तर साबणच वापरावा.

तिसरी गोष्ट घरातल्या बायांना सांगतो, कारण दारू सुटलेल्या माणसाला सांभाळायचा भार त्यांच्यावरच पडतो. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी सुटली, की काही तासांतच हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस भलतंच बरळू लागतो. हे नाटक नाही आणि अंगात काही शिरलेलंही नाही. हा आजार आहे, त्यावर दवाखान्यात औषध आहे. टोमणे मारू नका, कोंडून ठेवू नका, लाजही बाळगू नका. त्याला वेळेत डॉक्टरांकडे न्या. त्याच्या नजरेसमोर सॅनिटायझरची बाटली ठेवू नका. काही सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल असतं, त्यानं डोळे जातात आणि जीवही जातो.

एवढं करूनही कुणाच्या पोटात सॅनिटायझर गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका, त्याला कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. सुरुवातीला माणूस बरा दिसला तरी थांबू नका. मिथेनॉलचं विष उशिरा चढतं.

श्रोतेहो, हा कार्यक्रम संपला की उठा आणि घरातली प्रत्येक बाटली तपासा. जिच्यावर नाव नाही, ती माणसांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. ज्या हातांनी आपण करोनाकाळात घर जपलं, त्याच हातांचं हे काम आहे.