नवा लॅपटॉप, जुनी अक्षरं

दोन महिन्यांपूर्वी मी चांगला महागातला लॅपटॉप घेतला. झाकण उघडलं की लगेच सुरू, पंख्याची घरघर नाही, सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. पण वडिलांनी वीस वर्षांपूर्वी टाइप केलेल्या आठवणींची फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि खुणा!

पूर्वीचे अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. तो फॉन्ट नसला की मजकूर असून नसल्यासारखा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तिच्यात देवनागरी होती. मराठीत ती रुळायला मात्र बराच काळ गेला. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५. यंत्र बदललं तरी तो बदलत नाही.

जुन्या फॉन्टचं नाव कळलं, तर मजकूर बहुतेक वेळा युनिकोडमध्ये आणता येतो. वडिलांना ते आठवलं. आता मी रोज एक प्रकरण बदलून घेतो, ते जोडाक्षरं तपासतात.

तुमच्याही घरी अशा फाइली असतील. त्या टाइप करणारं माणूस सोबत आहे, तोवर उघडून पाहा.