लहान कारखानदाराची खतावणी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



हिशेबाच्या संगणकाविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे. विषय रूक्ष आहे, आणि भोजनापूर्वी तो ऐकविणे हे धाडसच होय. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांत आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचा चरितार्थ लहान कारखान्यांवर चालतो. अशा धंद्यास मंदीत मरण येते ते बहुधा काम नसल्यामुळे नव्हे, तर केलेल्या कामाचे पैसे अडकून पडल्यामुळे, असा आमचा अनुभव आहे.

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. पुढे साताऱ्यास कूपर यांचा कारखाना उभा राहिला. मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने लेथवर सुटे भाग करून देणारे लहान कारखाने आपल्या भागात वाढले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा कारखाना त्यांपैकीच एक. माल आज द्यावयाचा आणि पैसा दोन-तीन महिन्यांनी यावयाचा. मजुरी, वीज आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

आमचे वडीलबंधू रोजमेळ नेटका लिहीत. परंतु कोणाची बाकी किती दिवसांची, कोणास केव्हा तगादा लावावयाचा, हे सारे त्यांच्या स्मरणात असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि बिले संगणकावर चढविणे आम्हांस भाग पडले. १९८६ साली बंगळूरच्या श्यामसुंदर व भरत गोयंका या पितापुत्रांनी सुरू केलेल्या संस्थेची ‘टॅली’ ही प्रणाली आमच्या वहिनींनी शिकून घेतली. दादा हसून म्हणत, “सरकारसाठी लिहिता आहात, लिहा!”

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि धंदा खिळखिळा झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात दादा करोनाने रुग्णालयात पडले. त्यांना बोलवत नव्हते. पगाराचा दिवस आठवड्यावर आला होता. त्या रात्री वहिनींनी येणे-बाकीची दिवसवार यादी काढली. ज्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर आपण जगतो असे आम्ही समजत होतो, त्याच्याकडेच निम्म्याहून अधिक रक्कम थकली होती. काही बिलांना पाच महिने उलटले होते. वेळेवर पैसे देणारी चार लहान गिऱ्हाइके मात्र आम्ही नेहमी मागे ठेवीत आलो होतो! मालाच्या यादीत, रद्द झालेल्या मागणीसाठी आणलेले पोलाद पडून असल्याचे दिसले. ते विकून पगार भागविले.

मोठ्या गिऱ्हाइकास (नाव सांगत नाही) बिलवार पत्र लिहिले. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कायदा पूर्वीही होता. तारीखवार पुरावा आमच्या हाती नव्हता. पैसे दोन हप्त्यांत आले. १ एप्रिल २०२४ पासून तर अशी रक्कम मुदतीत न देणाऱ्यास, ती प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात त्या खर्चाची वजावट मिळू नये, अशीही तरतूद झाली.

संगणक स्वतः पैसा आणीत नाही, हे सांगितले पाहिजे. खोटे भरले तर तो खोटेच दाखवील. आणि महिन्यातून एकदा कर सल्लागाराकडे बिलांची पिशवी नेऊन टाकणे म्हणजे गेल्या महिन्याची नाडी आज पाहणे. त्याच दिवशी नोंद झाली, तरच माल देण्यापूर्वी हात आखडता घेता येतो.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा पेठेतील कित्येकांच्या वह्यांचा लगदा झाला. संगणकही पाण्यात टिकत नाही. म्हणून आमच्या हिशेबाची एक प्रत साताऱ्यास भगिनीच्या घरी असते.

दादा बरे होऊन घरी आले, तेव्हा वहिनींनी ती यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. तीन जुन्या बाक्या तीत नव्हत्या. त्या त्यांनी तोंडी सांगितल्या आणि वहिनींनी तेथेच चढवून घेतल्या.