मोठा मासा



बालपणीच्या मैत्रीवर बोलायचं असलं की मला हमखास बोलावणं येतं. का येतं, ते मला ठाऊक आहे. मी नावाने मुसलमान आणि कविता मराठीत लिहिणारा. मी यावं, ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ या भिंतीवरून त्या भिंतीवर कसा जायचा ते सांगावं आणि ऐकणाऱ्यांना बरं वाटावं, अशी साधी अपेक्षा असते. ती देवाणघेवाण खरीच होती, खोटं कशाला बोलू? पण ती शांततेच्या दिवसांतली. दोन मित्रांच्या माणसांनी एकमेकांची घरं जाळायला घेतली तर त्या मैत्रीचं काय होतं, हा प्रश्न शिरखुर्म्याच्या वाटीत मावत नाही. म्हणून आज लांबची गोष्ट सांगतो, जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली. बी.ए.ला असताना अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध मी सनावळीसकट पाठ केलं होतं. त्यात ही दोन मुलं नव्हती. ती फार नंतर भेटली.

एकाचं नाव टेकुमसे. ओहायो नदीच्या उत्तरेला राहणाऱ्या शॉनी जमातीतला. आपण लहानपणी ज्यांना सरसकट रेड इंडियन म्हणायचो, त्या मूलनिवाशांपैकी ही एक जमात. दुसरा स्टीफन रडेल, नदीच्या दक्षिणेला केंटकीत नव्याने वसायला आलेल्या गोऱ्या कुटुंबातला. दोघांचा जन्म १७६८ च्या सुमाराचा. त्याच वर्षी फोर्ट स्टॅनविक्स इथे इंग्रजांनी करार करून केंटकीचा मुलूख पदरात पाडून घेतला. लिहून देणारे होते इरोक्वॉय लोक. शॉनींची ती शिकारीची जमीन, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. शेजाऱ्याने आपलं शेत परस्पर विकावं, तसं झालं. म्हणजे भांडण या मुलांबरोबरच जन्माला आलं म्हणायचं. टेकुमसेचे वडील १७७४ साली पॉइंट प्लेझंट इथे व्हर्जिनियाच्या गोऱ्यांशी लढताना पडले. पोरगं तेव्हा सहा वर्षांचं.

आता १७८० चा जून महिना. वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या. कॅप्टन हेन्री बर्ड नावाचा इंग्रज अधिकारी डेट्रॉइटहून निघाला. बरोबर शेकडो मूलनिवासी योद्धे, त्यांत शॉनीही, आणि तोफा. लिकिंग नदीच्या काठी स्टीफनच्या वडिलांची, आयझॅक रडेल यांची वसाहत होती, भोवती ओंडक्यांचं कुंपण. बंदुकीच्या गोळीला ओंडके पुरे पडतात, तोफेपुढे नाही. आयझॅकनी शरणागती पत्करली. कैदी इंग्रजांच्या ताब्यात राहतील असं ठरलं होतं. दार उघडलं आणि मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. काही माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं तिथल्या तिथे वाटली गेली. बारा वर्षांचा स्टीफन शॉनींच्या वाट्याला आला.

दोन महिनेही झाले नसतील. ऑगस्टमध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्क केंटकीची सुमारे हजार माणसं घेऊन नदी ओलांडून आला. शॉनींनी चिलिकॉथी हे आपलं गाव स्वतःच्या हातांनी पेटवलं आणि मागे सरले. मॅड नदीकाठचं पिक्वा क्लार्कने जाळलं आणि मक्याची उभी शेतं कापून काढली. एका उन्हाळ्यात आधी या मुलाच्या माणसांचं घर गेलं आणि मग त्या मुलाच्या माणसांची गावं. कुणाचं दुःख मोठं, याचा हिशेब मांडायला मी बसलेलो नाही.

लढाईत गेलेल्या आपल्या माणसाच्या जागी कैद्याला दत्तक घ्यायचं, असा शॉनींचा रिवाज होता. स्टीफनला दत्तक घेतलं, नवं नाव दिलं सिन्नामाथा. म्हणजे मोठा मासा. दत्तक हा आपल्याकडे गोड शब्द आहे, पण या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, हे विसरून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. तरी तो तिथे रुळला. पंधरा वर्षं राहिला. शॉनी भाषा त्याच्या अंगात भिनली.

हे मला समजतं. आमच्या घरात दखनी बोलतात. मराठी मला मिळाली ती गल्लीत विटीदांडू खेळताना, आणि पहिल्यांदा आली ती भांडणापुरती. आता पन्नाशी उलटली, तरी कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ मी हसतो. काय सांगणार?

मोठा मासा आणि टेकुमसे एका वयाचे. लुटुपुटीच्या लढाया व्हायच्या, त्यांत टेकुमसेची एक फळी ठरलेली असे आणि पुढे तोच. हात इतका सढळ की जवळचं देऊन टाकायचा. मोठा झाल्यावर शिकारीहून परतला की सोबत्यांना बसवून, माणसाने माणसाशी कसं वागावं यावर तासायचा. ही सगळी माहिती रडेलची आहे.

त्यानेच सांगितलेली आणखी एक हकिगत. टेकुमसे जेमतेम मिसरूड फुटलेला तरुण होता. ओहायो नदीवर गोऱ्यांच्या होड्यांवर हल्ला झाला. एक माणूस जिवंत हाती लागला, त्याला जाळून मारलं. सूडाची ती जुनी रीत होती. टेकुमसेला ते पाहून किळस आली. वडीलधाऱ्यांपुढे तो इतक्या तळमळीने बोलला की यापुढे कैद्याला जाळायचं नाही असं त्यांच्यात ठरलं आणि ते पाळलंही गेलं. मला वाटतं, ते बोलताना त्याच्या मनात एक कैदी असणारच. लहानपणी त्याच्या फळीतून खेळलेला.

म्हणून मैत्रीने लढाई थांबली का? छे! १७९२ च्या एप्रिलमध्ये सायमन केंटन या केंटकीच्या नामांकित लढवय्याने टेकुमसेच्या तळावर रात्री छापा घातला. गोंधळात टेकुमसेने मोठ्या माशाला नावाने हाक मारली आणि तो त्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या जन्माच्या मुलखातल्या माणसांविरुद्ध लढला.

पुढे १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह झाला. सर्व कैदी परत करायचे, असं एक कलम. टेकुमसे त्या तहाला गेलाच नाही. रडेल मात्र सत्ताविसाव्या वर्षी गोऱ्यांत परतला, बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाला आणि शॉनींना ख्रिस्ताचं सांगू लागला. इकडे टेकुमसेचा भाऊ प्रेषित म्हणून गाजत होता आणि गोऱ्यांची दारू, गोऱ्यांच्या चालीरीती टाका म्हणत होता. १८०७ मध्ये ओहायोच्या राज्यकर्त्यांनी या भावांच्या वस्तीकडे दोन दूत पाठवले. बरोबर दुभाष्या म्हणून कोण? स्टीफन रडेल. राज्यपालांचं पत्र त्याने त्यांच्या भाषेत समजावलं. दुभाष्याची जागा मला माहीत आहे. दोन्ही बाजूंना वाटतं, हा त्यांचा. त्या वर्षी लढाई टळली, एवढं खरं.

कायमची टळली नाही. १८१३ च्या मे महिन्यात फोर्ट मेग्सजवळ केंटकीचे शेकडो सैनिक पकडले गेले आणि त्यांची कत्तल सुरू झाली. टेकुमसे धावत आला आणि त्याने ती थांबवली. पुढच्या ५ ऑक्टोबरला कॅनडात, थेम्स नदीकाठी, तो लढताना मारला गेला. समोर केंटकीचे घोडेस्वार होते.

टेकुमसेवर पुढे पुस्तकं निघाली. बेंजामिन ड्रेक यांनी लिहिलेलं चरित्र १८४१ मध्ये सिनसिनाटीत छापलं गेलं. पण त्या चरित्रकारांना टेकुमसेचं लहानपण सांगायला जवळचा असा एकच माणूस लिहिता होता. मित्राला जाऊन आठ-नऊ वर्षं झाल्यावर, १८२२ मध्ये, रडेलने आपल्या आठवणी कागदावर उतरवल्या. इंग्रजीत. तेव्हा त्याची पन्नाशी उलटलेली होती. साधारण माझ्याच वयाचा.