कॉलेजात कुणी बोलवायला येत नाही, आपणच जायचं

आजचा भाग खास एफवायच्या पोरापोरींसाठी. ज्यांनी गाव सोडलंय, पुण्यात किंवा नाशकात हॉस्टेल नाहीतर कॉट बेसिसवर जागा घेतलीये, आणि जे आता वर्गात मागच्या बाकावर बसून विचार करतायत, ‘आपलं इथं जमणार का?’

आधी एक फरक समजून घेऊ. शाळेत सगळं आपल्याकडे चालत यायचं. दोन दिवस गैरहजर राहिलं की सरांचा घरी फोन. फॉर्म भरायचा राहिला की बाई नाव घेऊन उभं करायच्या. सीनियर कॉलेजात असं होत नाही. नोटीस बोर्डावर लागते, ग्रुपवर एक पीडीएफ पडते, आणि ती तुम्ही वाचली असं धरलं जातं. इथे मदत नसते असं नाही. मदत असते, पण ती टेबलाच्या पलीकडे बसलेली असते. तिथवर जायचं काम आपलं. पहिल्या वर्षी हे एवढं जमलं ना, तर बाकीचं बरंच सोपं होतं: जाऊन विचारणं.

आता समजा, बार्शीहून एक मुलगी पुण्यात बी. कॉम.ला आलीये. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुस्तपालनात चांगले मार्क. पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर लिहितात, ‘डेप्रिसिएशन’. मग ‘ट्रायल बॅलन्स’, ‘डेटर्स’, ‘क्रेडिटर्स’. बाजूची मुलं माना डोलावतायत. हिला वाटतं, सगळं नवीन आहे, आपणच मठ्ठ आहोत. पण डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. डेटर म्हणजे ऋणको, क्रेडिटर म्हणजे धनको. हे सगळं तिने अकरावी-बारावीत सोडवलंय! तिला विषय येतो, फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नाही. ‘मला येत नाही’ आणि ‘मला शब्द माहीत नाही’, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पोरं गप्प होतात, मग लेक्चर चुकवतात, आणि काही जण दिवाळीला घरी जातात ते परत येतच नाहीत. हुशार पोरं असतात ती. म्हणून हे बोलतोय.

उपाय काय? एक वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तुमचा मराठी. रोज फक्त पाच. ९० दिवसांत ४५० शब्द होतात. पहिल्या सेमिस्टरला तेवढे भरपूर झाले. आणि हो, कला आणि वाणिज्यच्या बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीत लिहायची मुभा असते. तुमच्या विषयाला आहे का, ते परीक्षा विभागात जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर राहू नका.

आता सरांना विचारायचं कसं? ‘सर, काहीच कळलं नाही’ म्हटलं, तर सर तरी सुरुवात कुठून करणार? तेच असं विचारा: ‘सर, एक लाखाच्या मशीनवर १० टक्के घसारा. पहिल्या वर्षी १०,००० हे कळलं. पण दुसऱ्या वर्षी उदाहरणात ९,००० का आलेत?’ आता सर दोन मिनिटांत सांगतील, की एका पद्धतीत दरवर्षी मूळ किमतीवर काढतात, म्हणून १०,०००च राहतात. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या ९०,०००वर काढतात, म्हणून ९,०००. जिथवर कळलं तिथवर सांगायचं, आणि जिथे अडलं तिथे बोट ठेवायचं. वर्गात लाज वाटते? मग लेक्चर संपल्यावर दारात गाठा, नाहीतर स्टाफरूममध्ये जा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत विचारा. कुणी खात नाही.

अभ्यासाचं थोडं गणित सांगतो. क्रेडिट हा शब्द सारखा कानावर पडतोय ना? थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास शिकवणं. ४ क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास, आठवड्याला साधारण चार लेक्चर. गणपतीला गावी गेलात आणि दोन आठवडे राहिलात, की एका विषयाची आठ लेक्चर गेली. पाच विषय धरा, चाळीस गेली. हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के असते, आणि बऱ्याच ठिकाणी १०० पैकी ३० गुण कॉलेजातल्याच चाचण्या-असाइनमेंटचे असतात. म्हणजे ‘परीक्षेआधी महिनाभर बसू’ हे बारावीचं धोरण इथे चालत नाही. महिना उरतो तेव्हा बरेचसे गुण आधीच ठरलेले असतात.

वाचायचं कसं, याबद्दल एक खरा प्रयोग ऐका. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून आठवेल तसं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर लिहून काढणारे पुढे! म्हणजे हायलायटर फिरवताना ‘येतंय येतंय’ वाटतं, ते पाच मिनिटांचं असतं. रात्री मेसवरून आलात की दहा मिनिटं वही बंद ठेवून आजचं लेक्चर स्वतःच्या शब्दांत लिहा. जे आठवणार नाही, तोच उद्याचा प्रश्न.

पैशांचंही तसंच. शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर असते, पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खात्याला आधार लिंक, हे वेळेत झालं तरच. मुदत संपायच्या आदल्या रात्री साइट उघडत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. ऑफिसात पहिल्याच महिन्यात जाऊन यादी घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, तुमच्या कॉलेजात ती चालते का, विचारा. काम करून शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती याच विचारावर वाढली. आणि पुस्तकं विकत घेण्याआधी लायब्ररीत बुक बँक आहे का, मागच्या प्रश्नपत्रिका मिळतात का, हे बघा.

आता जरा मनाचं. पहिले काही आठवडे घरची आठवण येणार, मेसची भाजी घशाखाली उतरणार नाही. हे होतं, आणि बहुतेकांचं ओसरतं. दर शनिवारी एसटी पकडून घरी पळू नका; दोन रविवार इथे काढा, रूममेटबरोबर चहाला जा, एनएसएसला नाव द्या. पण झोपच लागत नाहीये, जेवण जात नाहीये, सगळं संपवावं असं वाटतंय, तर थांबू नका. टेलिमानस, नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. कुणी त्रास देत असेल, ‘इंट्रो’च्या नावाखाली काही करायला लावत असेल, तर ते रॅगिंग आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नाव न सांगताही तक्रार करता येते. आणि घरच्यांना ‘सगळं मस्त’ एवढंच सांगू नका. काय जमतंय आणि काय अडलंय, दोन्ही सांगा.

एसवाय-टीवायवाल्यांनो, तुम्हीही ऐकताय हे माहितीये. तुमच्या हॉस्टेलमधल्या एका नव्या पोराला किंवा पोरीला या आठवड्यात ऑफिसची खिडकी, लायब्ररी आणि बरी मेस दाखवा. तुम्हाला अर्धा तास लागेल. त्याचं कदाचित वर्ष वाचेल.

एफवायवाल्यांना या आठवड्याचं काम: तीन प्रश्न, तीन जणांना. एक सरांना किंवा मॅडमना, एक ऑफिसात, एक बाजूच्या बाकावर. तिसरा प्रश्न ‘तू कुठला?’ असला तरी चालेल. हा भाग तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाका. जो कधीच काही बोलत नाही, त्याच्यापर्यंत तो पोचायला हवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि वेळेवर जेवा!