किल्ली चिपच्या आतच राहू द्या

नागपूर-रायपूर महामार्गावरच्या कोहमारा फाट्याच्या आसपासच्या गावांतले सरपंच, ग्रामसेवक आणि सेवा केंद्रात संगणक चालवणारे ताई-दादा, आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

वित्त आयोगाच्या निधीतून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पैसे देताना सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची डिजिटल सही लागते. ती सही ज्या डोंगलमध्ये असते, त्यात एक चिप असते. सहीची गुप्त किल्ली त्या चिपमधून बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल होत नाही. पण दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या एकाच खणात आणि पिन वर चिठ्ठीवर लिहिलेला असेल, तर चिप तरी काय करणार? दोन सह्या मागितल्या आहेत त्या एकट्याच्या हातानं गावाचा पैसा निघू नये म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार ही किल्ली सांभाळण्याची जबाबदारी सही ज्याची त्याचीच आहे. डोंगल हरवलं तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवून ते प्रमाणपत्र रद्द करून घ्या.

आता संगणकाकडे वळू. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड कुलूपबंद असतात खरे, पण बहुतेक वेळा कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच डिस्कवर असतात. म्हणून बऱ्याच संगणकांतही डोंगलसारखीच एक चिप बसवलेली असते, टीपीएम. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यकच आहे. तुमच्याकडे ती आहे का, हे स्टार्टमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाइप करून कळतं. लॉगिनचा पिन वारंवार चुकला की ही चिप काही काळ उत्तरच देत नाही, त्यामुळे चोराला एकामागून एक पिन लावून बघता येत नाहीत.

सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर दिसलं तर चालू करा. मग डिस्क कुलूपबंद होते आणि तिची किल्ली टीपीएम सांभाळते; डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी काही वाचता येत नाही. मात्र तुम्ही लॉगिन करून उठून गेलात, तर समोर बसेल त्याला सगळं उघडंच. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबायची सवय लावाच.

आणि एन्क्रिप्शन सुरू करतानाच ४८ अंकी रिकव्हरी की छापून दफ्तराच्या कपाटात ठेवा. उद्या मदरबोर्ड बदलावा लागला, तर जुनी चिपही त्याच्याबरोबर जाते, आणि मग तुमची डिस्क फक्त त्या अंकांनीच उघडते.